पत्र कापलेला पोस्टमन

धाकटीने दुपारी एक रील पाठवलं. टीव्हीवरच्या 'चला हवा येऊ द्या' या विनोदी कार्यक्रमातला जुना तुकडा. सागर कारंडेंचा पोस्टमन येतो, दोन-चार टोले होतात, हशा पिकतो आणि संपलं. तो वाचून दाखवायचा ते पत्र नाहीच. पत्र कापून टाकलंय. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

एवढं लागायचं खरं तर कारण नाही. ऑगस्ट २०१४ला सुरू झालेला कार्यक्रम मार्च २०२४मध्ये थांबला. शेवटी शेवटी आमच्याकडेही तो नुसता लागलेला असायचा, बघत कोणी नसायचं. पुरुषाने साडी नेसली की हशा, हे किती वर्षं चालणार? सागर कारंडेंची पुणेरी बाई मला आवडायची, पण ती तिच्या बोलण्यामुळे. असो.

तरी एक काळ होता. सिनेमा यायचा असला की त्याची माणसं थुकरटवाडीत, म्हणजे कार्यक्रमातल्या गावात, हजेरी लावायची, शाहरुख खानसुद्धा येऊन गेला. आता तीच माणसं पॉडकास्टवर बसतात, रीलमध्ये नाचतात. भारत गणेशपुरे बोलायला लागले की नाना सरसावून बसायचे. आपल्या वऱ्हाडीला टीव्हीवर गड्याचीच कामं मिळतात, ही त्यांची जुनी तक्रार. इथे तीच बोली सरपंच होऊन बोलायची.

आणि मग पत्र. अरविंद जगतापांनी लिहिलेलं. इतका वेळ पोट धरून हसलेली माणसं एकदम गप्प व्हायची. डोळे हसूनच ओले झालेले असायचे, त्यामुळे कोण कशाने रडतंय हे कुणी विचारत नसे. नानांना मी तेवढंच रडताना पाहिलं. त्या वर्षी संत्र्याची बाग... ते नको आज.

आता घरात चार फोन, चार वेगळे हशे. माझ्या वाट्याला पुढे ढकललेले तुकडे येतात. पत्राशिवायचा पोस्टमन येतो.

२०१८ला सुरू झालेला दुसरा विनोदी कार्यक्रम, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा', मलाही आवडतो. नम्रता संभेराव आल्या की मी हातातलं काम ठेवते. तिथलं एखादं प्रहसन सुटं पाहिलं तरी पुरतं. पत्राचं तसं नाही. आधी सगळ्यांबरोबर हसलेलो नसू, तर ते नुसतं भाषण वाटतं. म्हणजे ज्याने कापलं त्याचंही चुकलं नसेल. सुटं पत्र चाललंच नसतं. हे कळलं आणि जास्तच वाईट वाटलं.

२०२५मध्ये 'चला हवा येऊ द्या' परत आला, सूत्रसंचालनाला निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर. नव्या मंडळींनी मेहनत घेतली, ते दिसलं. पण दार उघडून आत यावं तर घरात कुणीच नाही, असं मला झालं. त्यात त्यांचा काय दोष?

संध्याकाळी धाकटीला म्हटलं, यात पुढे पत्र असतं.
"कसलं पत्र?"
सांगितलं. अख्खा भाग बघ म्हटलं.
"एवढा वेळ कोण बघतं, आई?"

बरोबर आहे तिचं. तेव्हा ती नानांच्या मांडीवर झोपून जायची, तिला त्यातलं काही आठवत नाही. तरीही त्या पोस्टमनने तिला आज हसवलं, इतकं की आईला पाठवावंसं वाटलं. हे थोडं नाही. दुपारी मला फक्त कापलेलं दिसत होतं.

अख्खा भाग शोधून ठेवलाय. रविवारी माझी आई येईल, आम्ही दोघी बघू. धाकटी मध्येच येऊन बसली तर तिला मागचं काही समजावत बसणार नाही.