ह्येचा तळ कुठाय?

आज माझ्या घरगुती पाणबुडीच्या बॅलास्ट टाक्यांचं (पाणी भरून बुडायच्या, हवा भरून वर यायच्या) ड्रॉइंग घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून बघितला. "भावा, ह्येचा तळ काढायचाच राहिलाय की!"

राहिला नाही, मुद्दामच नाही. पाणबुडीची मुख्य टाकी खालून उघडी चालते. वरचा व्हॉल्व्ह उघडला की हवा सुटते, खालून पाणी शिरतं. वर यायचं तर सिलिंडरची हवा सोडून तेच पाणी खाली ढकलायचं. आतबाहेर दाब जवळपास सारखा, म्हणून पातळ पत्राही पुरतो.

हवेचा हिशोब मात्र चोख हवा. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणजे ३०० लिटरची टाकी रिकामी करायला पृष्ठभागावरच्या साध्या दाबाची ६०० लिटर हवा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला अशी साधारण २४०० लिटर हवा मावते. ऐकायला भरपूर, मी निम्मी राखीवच धरतो.

बारीक तोल साधायची छोटी टाकी बंद असते, म्हणून ती पाणबुडीच्या मुख्य कवचाइतकीच दणकट लागते. मिस्त्रींचा खरा रस तिच्या वेल्डिंगमध्ये! शिवाय रंकाळ्याच्या गोड्या पाण्यात जमलेला तोल मालवणच्या समुद्रात बिघडणार. खारं पाणी घनमीटरला साधारण २५ किलो जड, म्हणजे २ घनमीटरच्या बोटीत ५० किलो वजन वाढवायचं.

"आणि रंकाळ्यात सोडू देत्यात व्हय?"

परवानगीचं नंतर बघू. पत्रा मंगळवारी कापतोय.