पहिली सही कुणाची?

कराडात कुणाचं कुणाशी काय बिनसलंय हे पोलिसांच्या आधी मला कळतं, कारण अर्ज माझ्या दुकानात टाइप होतात. कचेरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, सातबाराच्या झेरॉक्स हा रोजचा धंदा, पण माझा खरा जीव तक्रारअर्जांत. 'मा. मुख्याधिकारी साहेब यांस', विषय, महोदय, 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथवर बोटं आपोआप चालतात. मग माणूस बोलायला लागतो. कुठला कोपरा, रात्री किती वाजता, गाडी कुठल्या रंगाची, नंबर काय, सगळं तोंडपाठ. शेवटी मी विचारते, "खाली नाव कुणाचं टाकू?" की समोरचा खुर्चीत मागं सरकतो.

"नाव नको ओ ताई. 'समस्त नागरिक' टाका."

समस्त नागरिक हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांची सही मात्र मी अजून पाहिलेली नाही.

परवा आमच्या पेठेची बैठक झाली, देवळाच्या सभामंडपात. पेठ कुठली ते सांगत नाही. कराडात वारांच्या पेठा आहेत, त्यातली कुठलीही धरा, विषय तेच निघतील. मला बोलावलं ते लिहून घ्यायला. बाई टायपिंगवाली आहे, म्हणजे फुकटात इतिवृत्त होईल, असा हिशेब.

पहिला विषय कचरा. आता कराड हे २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलेलं गाव. दुसरं सासवड, तिसरं लोणावळा. पाहुणे आले की मी हे सांगते, आणि मग त्यांना आमच्या विजेच्या डीपीवरनं न नेता पलीकडच्या बोळातनं नेते. कारण घंटागाडी रोज दारात येत असली, तरी त्या डीपीखाली रात्रीतून पिशव्यांचा ढीग उगवतो. उजाडेपर्यंत कुत्र्यांनी फाडलेल्या असतात, आणि कुणाच्या घरी काल कोंबडी होती, कुणाच्या घरी डायपरचं बाळ आहे, ते सगळं रस्त्यावर.

गुन्हेगार लगेच सापडला: भाडेकरू. विद्यानगरला इंजिनिअरिंग शिकणारी पोरं आणि तासवडे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारी. पहिली पाळी म्हणजे अंधारात घर सोडायचं. घंटागाडी येते तेव्हा खोलीला कुलूप. मग पिशवी डीपीखाली. सगळ्यांनी माना हलवल्या. एवढ्यात मागं बसलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "मग खोल्या भाड्यानं दिल्यात कुणी? त्या मालकांनी जिन्याखाली दोन डबे ठेवावेत की. ओल्याचा एक, सुक्याचा एक. गाडी आली की त्यांनीच नेऊन ओतावेत." बरोबर बोलल्या. पण मालक पुढच्याच रांगेत होते आणि बैठकीच्या चहाचे पैसे त्यांनीच दिलेले. मी वहिनींचं वाक्य लिहून घेतलं, आणि बाकीच्यांनी विषय कुत्र्यांवर नेला.

कुत्र्यांवर अर्धा तास गेला. "उचला आणि आगाशिवच्या डोंगरात सोडा" असं एकानं सुचवलं. निवृत्त मास्तरांनी सांगितलं की २०२३ च्या नियमांप्रमाणं नसबंदी करून, लस टोचून, कुत्रं जिथलं तिथंच परत सोडायचं असतं. मास्तरांना कायदे पाठ आहेत, हाच त्यांचा प्रॉब्लेम. डीपीखालच्या पिशव्या थांबल्या तर निम्मी कुत्री तिथनं हलतील, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण पिशव्यांवर परत कुणालाच जायचं नव्हतं.

बुलेटच्या फटाक्यांवरही थोडं झालं. घाटाकडच्या रस्त्यानं रात्री सायलेन्सर फोडत जाणारी दोन पोरं सगळ्यांना माहीत आहेत. सगळ्यांनी त्यांना 'ती पोरं' म्हटलं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर सांजच्याला फिरायला जाणाऱ्या बायकांनी पायऱ्यांवरच्या क्वार्टरच्या बाटल्यांचं काढलं. तिथंही पिणारे 'काहीजण' आणि 'बाहेरचे'. बाहेरचे म्हणजे कुठले, असं मी इतिवृत्तासाठी विचारलं. "लिहा ओ नुसतं बाहेरचे," असं उत्तर मिळालं.

खरी बैठक तापली ती वाढदिवसावर.

आमच्या चौकात वाढदिवस म्हणजे आठवडाभर आधी फ्लेक्स. मधोमध गॉगल घातलेला उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, नावासकट, टोपणनावासकट. बाराच्या ठोक्याला गाडीच्या बॉनेटवर केक, एखाद्या वर्षी तलवारीनं, मग फटाके, मग टेम्पोवर डॉल्बी. डॉल्बी कानाला लागत नाही, छातीला लागतो. माझ्या स्वयंपाकघरातली फडताळातली भांडी आपापसांत बोलायला लागतात. मास्तरांनी मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलंय. गेल्या वेळी आकडा शंभराच्या पुढं नाचत होता. वस्तीत दिवसा मर्यादा ५५ आणि रात्री ४५. हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. राज्य सरकारला सणासुदीला बारापर्यंत सूट देता येते, पण वर्षातनं जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्या पंधरात आमच्या चौकातला वाढदिवस कसा बसतो, असं मास्तरांनी विचारलं. कुणी हसलं नाही.

फ्लेक्सचंही त्यांनीच काढलं. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये मोठा निकाल दिला, तो आपल्या साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर. म्हणजे गाऱ्हाणं आपल्याच जिल्ह्यातनं मुंबईला गेलं होतं, त्यावर नाव लावून. मला ही गोष्ट आवडली. ती ऐकताना माझी नजर मात्र बैठकीत बसलेल्या आण्णांवर गेली, कारण चौकात आत्ता लागलेल्या फ्लेक्सवर डावीकडनं तिसरा फोटो त्यांच्या पुतण्याचा आहे. शुभेच्छांना फोटो, नाव, टोपणनाव सगळं चालतं. तक्रारीला मात्र समस्त नागरिक.

"मग अर्ज करू की," कुणीतरी म्हणालं. "करू," सगळे म्हणाले. "नाव कुणाचं?"

इथं मास्तरांनी शेवटचा पत्ता टाकला. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या भोंग्यांविषयीच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं सांगितलं आहे की, आवाजाच्या तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत न बसता कारवाई करावी. त्याच्यावर कुणी डूख धरू नये म्हणून. मंडपात क्षणभर सगळ्यांचे चेहरे सुटले. मग ज्यांच्या घरात बायपास झालेले आजोबा आहेत, त्या काकू बोलल्या. त्या फार बोलत नाहीत.

"आवं, कुर्ल्याचं ठीक हाय. आमच्या बोळात नाव न सांगता बी कळतं. आवाजाचा तरास कुणाला व्हतोय? ज्यांच्या घरात आजारी माणूस, त्यास्नी. आजारी माणूस कुणाच्या घरात? आमच्या. गाडी आली, डॉल्बी बंद झाला, की पोरं आमच्याच खिडकीकडं बघत्यात."

यावर मास्तरांकडं कलम नव्हतं. माझ्याकडंही काही नव्हतं. मुंबईत नाव झाकलं की माणूस झाकला जात असेल. इथं दहावीची मुलगी कुणाची, तान्हं बाळ कुठल्या घरात, दम्याचा पंप कोण वापरतं, हे मेडिकलवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. दुखणंच तुमची सही करून मोकळं होतं.

याला भित्रेपणा म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढलं, तेव्हा पाटण कॉलनीसारख्या सखल भागातली माणसं रात्रीत हलवावी लागली. तेव्हा गुडघाभर, मग कमरेभर पाण्यात उभी राहिलेली पोरं कोण होती? मंडळाचीच. काकूंच्या आजोबांना बायपासच्या वेळी रक्त लागलं, तेव्हा दोघं आले ते याच चौकातले. एक बुलेटवरनं आला, आणि त्या दिवशी त्या फटफटीचा आवाज कुणाला खटकला नसणार. ओळख म्हणजे उधारीची वही आहे. प्रत्येकाच्या नावावर काहीतरी निघतं, त्यामुळं कुणी कुणाकडं वसुलीला जात नाही. रात्री बाराला छातीवर डॉल्बी बसतो तेव्हाही माणसाला ही वही आठवते. तेवढ्यासाठी आजोबांनी किती रात्री जागायच्या, हा प्रश्न मात्र त्या वहीत कुठं लिहिलेला नाही.

पूर्वी या कामाला नगरसेवक असायचा. लोक म्हणतात नगरसेवक गटारं आणि दिवे बघतो. माझ्या दुकानातनं बघाल तर त्याचं मोठं काम वेगळंच होतं: तो नाव पुसायचा. सकाळी चहाच्या टपरीवर त्याच्या कानात सांगायचं, तो पुढं फोन करायचा, पोराच्या बापाला खांद्यावर हात टाकून बाजूला घ्यायचा. तक्रार झालेली असायची आणि तक्रारदार कुठंच नसायचा. मग जवळजवळ चार वर्षं नगरपालिकांवर प्रशासक होते. निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्या चार वर्षांत माझ्याकडं अर्ज टाइप करायला येणारी गर्दी वाढली, कारण कानात सांगायला कानच नव्हता. कागद लिहायची वेळ आली, आणि कागद खाली नाव मागतो. आता परत नगरसेवक आलेत, त्यामुळं बैठकीत निम्म्या लोकांचा सूर असा की, "लिहायचं कशाला, बोलू त्यांच्याशी." पण आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांत वरच्या ओळीत ठळक अक्षरांत कोण आहे, हे बघून या एवढंच मी म्हणते.

तरी मास्तर हटून बसले, म्हणून दोन अर्ज करायचे ठरले: एक डीपीखालच्या कचऱ्याचा, एक डॉल्बीचा. पहिली सही कुणाची, यावर पुन्हा अडलं. दुसरी करायला सगळे तयार, दहावी करायला तर रांग. मी तोडगा काढला. घरपट्टीच्या क्रमानं सगळ्यांची नावं आधीच टाइप करून आणते, समोर फक्त सही करायची. म्हणजे पहिलं नाव निवडलं असं कुणाला वाटणार नाही. सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पहिल्या घराचे मालक दुकानात हजर. "ताई, शेवटच्या घरापासनं सुरू केलं तर नाही का चालणार?" मी म्हटलं, चालेल. संध्याकाळी शेवटच्या घरातल्या आजी आल्या.

शेवटी कचऱ्याच्या अर्जावर पहिली सही मागच्या रांगेतल्या त्या वहिनींनी केली, उभ्या-उभ्या, माझ्याच पेनानं, आणि पेन घेऊनही गेल्या. त्यांच्या मागनं दोन पानं भरली. पाचपैकी दोन घरमालकांनीही सह्या केल्या, आणि एकानं जिन्याखाली डबे ठेवलेत, लाल आणि हिरवा, चुकीच्या रंगाची झाकणं लावून. अर्ज दिला, पोच मिळाली. भाडेकरूंविरुद्ध सही करायला माणसाला फारसं जड जात नाही.

डॉल्बीचा अर्ज तयार आहे. मजकूर माझ्या मते चांगला उतरलाय: नियम, वेळा, डेसिबल, मास्तरांनी दोनदा तपासलाय. सह्यांच्या जागी मास्तरांची एक आहे, काकूंची नाही, आणि मी त्यांना विचारायलाही गेले नाही. माझी आहे का? माझं दुकान त्याच रस्त्यावर आहे आणि फ्लेक्सचा मजकूरही कधीकधी माझ्याकडंच टाइप होतो, हे आधीच सांगायला हवं होतं. सही अजून केलेली नाही. गणपतीच्या आत करायची की नंतर, यावर घरात वाद चालू आहे.

त्या अर्जाच्या झेरॉक्स मात्र पेठेतल्या जवळजवळ सगळ्यांनी नेल्या. दोन रुपये पान.