चाकरमानी, गिरणी आणि गावकीची खोली

लोक गाव का सोडतात विचारलं की कुणीही पटकन सांगतं, शहरात पैसा आहे म्हणून. बरोबरच आहे ते, पण रत्नागिरीचा माणूस नेमका लालबाग-परळलाच का जाऊन राहिला हे त्यातून कळत नाही, आणि मला खरा इंटरेस्ट तिथे आहे, आमचं अख्खं खानदान त्याच वाटेने आलंय.

गाव संगमेश्वर तालुक्यात. भाताचं एकच पीक, तेही पावसावर आणि उतारावरच्या तुकड्यातुकड्यांत, वर पुन्हा खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदार खोताचा अंमल. खोताचं देणं देऊन उरलेलं भात वर्षभर पुरायचं नाही म्हणजे नाहीच. खोती रद्द करणारा कायदा आला 1949 ला, तोवर घरटी एक तरी बाप्या मुंबईला लागलेला.

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली, मग गिरण्या वाढतच गेल्या. पण भरती करायचा कोण? साहेब नव्हे, जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम! आणि जॉबर कुणाला लावणार, तर आपल्या गावच्याला, भावकीतल्याला. तेही लगेच कायम नाही, आधी बदली, म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम नाहीतर चालत परत. असे दिवस काढायचे कशावर? तर गावकीच्या खोलीवर. चाळीतल्या एका खोलीत डझन-दोन डझन माणसं, एक पाळी कामावर गेली की दुसरी आडवी होणार, जेवण खानावळवाल्या बाईकडे आणि हिशोब पगार झाल्यावर. (या खानावळवाल्या बायकांशिवाय गिरणगाव चाललंच नसतं असं माझं स्पष्ट मत आहे. 1975 ला प्रेमा पुरव यांनी त्यांचंच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.) म्हणजे शहर पैशाने ओढलं हे खरं, पण माणूस टिकला तो आधी आलेल्या माणसामुळे.

बायकापोरं मात्र गावीच, मनिऑर्डरीची वाट बघत. अजूनही बघा ना, 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 बायका आणि मुंबई शहर जिल्ह्यात 832.

मग 18 जानेवारी 1982 चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. बऱ्याच गिरण्या पुढे बंदच झाल्या, जागेवर मॉल आणि टॉवर आले, लोकांनी खोल्या विकल्या आणि डोंबिवली, नालासोपारा, बदलापूर गाठलं. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या कमी झाली आणि गंमत म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याचीही झाली, तिकडे ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होतं) 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. म्हणजे शहर वाढतंय ते कडेकडेने.

आता त्याच नालासोपाऱ्यात यूपी-बिहारची पोरं येतायत, एकाच्या ओळखीने दुसरा, एका खोलीत आठजण, जेवण वाटून. आमचे काका यावर फॅमिली ग्रुपवर तावातावाने लिहितात, एक आला की मागून दहा येतात म्हणून. स्वतः काका आत्याच्या मिस्टरांच्या ओळखीने मुंबईत आले, त्यांच्याच खोलीवर राहिले आणि नंतर धाकट्या दोन भावांनाही घेऊन आले. मी एकदा ग्रुपवर हे लिहिलं तर काकांचं उत्तर, आमचं वेगळं होतं. आत्याने खाली नुसता हसणारा इमोजी टाकला.