फ्लॉइडची नव्वद मिनिटं: वाऱ्याला वारा जुळला, आणि ए बाजू पुन्हा उघडली

मंडळी, जुळलं. आपण चौघं मिळून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या निवडक गाण्यांची जी कॅसेट बनवतोय, तिच्यातल्या 'विश यू वेअर हिअर'चा शेवट काल रात्री साडेअकरा वाजता मार्गी लागला. तीन आठवडे ज्या एका जोडापाशी सगळं अडलं होतं तो सुटला, आणि तोही असा, की आता दुसरं काही तिथे असू शकेल असं वाटतच नाही.

आपले दोन नियम पुन्हा सांगतो, कारण त्यांच्यावरच सगळी गाडी अडत आली आहे. एकच सी-९० कॅसेट (दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांची), आणि कुठल्याही गाण्याला कात्री नाही. दुसरा नियम मी हट्टाने घालायला लावला होता. २००१ साली कंपनीने जो अधिकृत 'एकोज' संग्रह काढला, त्यात ज्या गाण्याचं नाव संग्रहाला दिलं तेच गाणं २३ मिनिटं ३१ सेकंदांवरून साडेसोळा मिनिटांवर आणलं, आणि 'डॉग्स' तर घेतलंच नाही. तो संग्रह जुळवणाऱ्या जेम्स गथ्रीच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. २६ गाणी, त्यांच्यात जवळजवळ तीस वर्षांचं अंतर, आणि तरी एक गाणं संपून दुसरं कधी लागलं ते कळत नाही. पण मधली ती भकास, कावळे ओरडणारी मिनिटं कमी केली की 'एकोज' परत वर येतं तेव्हाचा श्वास मोकळा होत नाही. ती अंधारी जागा पूर्ण चालल्याशिवाय पहाट मिळत नाही.

मतदानाचा निकाल सगळ्यांकडे आहेच. चारपैकी तीन मतं मिळाली तर गाणं आत. 'डॉग्स' चारही मतांनी आलं, 'मनी' दोन-दोनवर अडकून पडलं, आणि 'शाइन ऑन' गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. पण 'एकोज' आणि 'डॉग्स' मिळून चाळीस मिनिटं खातात, तिथे तिसऱ्या लांब पल्ल्याच्या गाण्याला जागा उरत नाही. कोल्हापूरच्या ताईंनी ते आधीच सांगितलं होतं.

आता त्या जोडाबद्दल. फ्लॉइडचा संग्रह करताना गाणी निवडणं हे निम्मंसुद्धा काम नाही. १९७३ नंतरच्या त्यांच्या गाण्यांना काठच नसतात. 'विश यू वेअर हिअर' घ्या. सुरुवातीला रेडिओची सुई फिरते, वेगवेगळी स्टेशनं खरखरत जातात, चायकोव्स्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक तुकडा येऊन जातो, आणि मग ती बारा तारांची गिटार, जणू त्या रेडिओतूनच वाजतेय अशी. ही बाजू सोपी, रेडिओ कशाच्याही मागे लावता येतो. पण शेवटी गाणं वाऱ्यात विरतं, आणि तो वारा थांबत नाही. तो सरळ 'शाइन ऑन'च्या उत्तरार्धात शिरतो. आपल्याकडे 'शाइन ऑन' नाही. मग त्या वाऱ्याने जायचं कुठे?

मी काय काय केलं ते ऐका. आधी आठ सेकंदांचा साधा फेड, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर नेला. दार लावून घेतल्यासारखं वाटलं. मग वाऱ्यावर 'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळं आणली. अ‍ॅलन पार्सन्स या त्यांच्या ध्वनिमुद्रकाने एकेक घड्याळ वेगळं रेकॉर्ड करून ती गोळा केली होती, आणि ती मुळात दचकवण्यासाठीच आहेत, पण इतक्या हळव्या गाण्यानंतर ते दचकवणं दुष्टपणाचं वाटत होतं. नाशिकच्या काकांनी 'हाय होप्स'ची घंटा सुचवली. ऐकायला छान होती, पण पुढे 'एकोज' लावायचं म्हटल्यावर सूर भांडायला लागले. घंटा सी या सुरावर, आणि 'एकोज'च्या सुरुवातीचा तो पाणबुडीसारखा 'पिंग' बी वर. अर्ध्या सुराचं अंतर कानात खडा अडकल्यासारखं टोचतं. पुढे 'हाय होप्स' मतदानातच गेलं. मग वाऱ्यावरून थेट तो पिंग. बँडच्या कीबोर्डवादक रिक राइटने पियानोचा एकच सूर लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, इतका नाजूक, की वाऱ्याच्या सळसळीत पहिले तीन-चार ऐकूच आले नाहीत. त्यात कॅसेटची स्वतःची हिस (टेपची सततची खरखर) मिसळली की संपलंच.

काल मी जोडाचं काम करतच नव्हतो. डेकचा अ‍ॅझिमथ (टेपला टेकणाऱ्या हेडचा कोन) लावत होतो. बारीक स्क्रू-ड्रायव्हर हातात, डोकं डेकच्या तोंडाशी, आणि तपासायला म्हणून त्यांचा १९७१चा 'मेडल' अल्बम लावलेला, कारण त्यातल्या झांजा मला तोंडपाठ आहेत. पहिलं गाणं 'वन ऑफ दीज डेज'. बास गिटार सुरू व्हायच्या आधी तिथे काय आहे? वारा. इतक्या वर्षांत मी ती सुरुवात 'बास येण्याआधीची जागा' म्हणूनच ऐकत आलो होतो. स्क्रू-ड्रायव्हर तसाच ठेवला आणि कॉम्प्युटरकडे धावलो.

दोन्ही वारे सारखे नाहीत, हे आधी सांगतो. १९७१चा वारा रुंद आणि खालच्या पट्टीतला, १९७५चा, म्हणजे 'विश यू वेअर हिअर'मधला, बारीक, शीळ घातल्यासारखा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदा सरळ रेषेचा क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) दिला तर मधोमध खड्डा पडला. दोन आवाजांचा एकमेकांशी संबंध नसला की सरळ रेषेच्या फेडमध्ये मध्यावर जवळपास तीन डेसिबलची घट येतेच, तिथे एकूण जोर सारखा ठेवणारा इक्वल-पॉवर फेडच हवा. तो दिला, लांबी अकरा सेकंद ठेवली, आणि डोळे मिटून ऐकलं. बारीक शीळ हळूहळू जाड होते, आकाश भरून यावं तसं, आणि मग डाव्या-उजव्या कानात एकामागून एक ते दोन बास. एक बँडमधल्या वॉटर्सचा, एक गिलमोरचा, दोन्ही बिन्सन इकोरेक या प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रातून घोड्याच्या टापांसारखे धावणारे. 'तू इथे असायला हवा होतास' म्हणून झाल्यावर तो धावत सुटलेला आवाज म्हणजे त्या आठवणीचा रागच. काटा आला अंगावर.

चौथ्यांदा ऐकताना हेडफोन काढून स्पीकरवर लावलं. आई आतून उठून आली आणि म्हणाली, "वारा सुटलाय का रे? गच्चीवरचे कपडे काढायला हवेत." मला याहून मोठी पावती नको.

वाऱ्याच्या शेवटी नीट कान दिलात तर व्हायोलिनची पुसटशी रेघ ऐकू येते. तो स्टेफान ग्रापेली. त्याचं वाजवणं १९७५च्या मिक्समध्ये जवळजवळ बुडालं होतं आणि २०११च्या आवृत्तीत स्वतंत्रपणे बाहेर आलं. क्रॉसफेड त्या रेघेनंतर सुरू होईल असा मी सरकवला आहे, म्हणजे तीही वाचली.

बाकीचं थोडक्यात. 'सी एमिली प्ले' मोनो आहे आणि मोनोच ठेवलंय. लेव्हल जुळवताना 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी' थोडं वर घेतलं. डॉल्बी (हिस कमी करणारी सोय) बंद ठेवूनच रेकॉर्ड करणार, कारण काकांच्या टेपला डॉल्बी नाही आणि तिथे सगळं नुसतं चरचरेल. 'टाइम'ची घड्याळं मीटर लालमध्ये नेतात, साध्या फेरिक टेपवर ती फाटतात, म्हणून वरच्या दर्जाची क्रोम टेपच हवी या मतावर मी ठाम आहे.

क्रोमवरून आठवलं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'सीलबंद क्रोम' म्हणून तीन कॅसेट मागवल्या होत्या. प्लास्टिकचं वेष्टन नवं, आत कॅसेट वापरलेल्या. एकीवर शेवटी कुणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाची आरती होती. वेष्टनावर जाऊ नका, पाठीमागची कड बघा. टाइप टू, म्हणजे क्रोम, असेल तर रेकॉर्डिंग बंद करायच्या टॅबांशेजारी आणखी दोन खाचा असतात. या तिन्हींना त्या नव्हत्याच, म्हणजे क्रोमही नाही. उलट पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी मिळालेली टीडीके कंपनीची एसए-९० कॅसेट खरी निघाली. हातात घेऊन बघता येतं हे फार मोठं. स्टॉपवॉच लावून मोजली, एक बाजू ४६ मिनिटं १० सेकंद भरली.

इथवर लिहून जेवायला उठलो, आणि हात धुताना एक गोष्ट सुचली. ती सुचल्यापासून जेवणात लक्ष लागलं नाही.

हा जोड आपण ए बाजूच्या मध्ये का ठेवतोय?

'द वॉल' आठवा. अल्बमच्या अगदी शेवटी अर्धवट वाक्य येतं, आणि ते पुरं होतं अल्बमच्या पहिल्या सेकंदाला. वर्तुळ. आणि 'अ‍ॅनिमल्स'ची एट-ट्रॅक आवृत्ती. ती टेप गोल फिरत राहते, म्हणून तिच्यावर 'पिग्ज ऑन द विंग'चे दोन्ही भाग स्नोई व्हाइटच्या गिटार सोलोने जोडले होते. ज्या माध्यमावर गाणं जाणार त्या माध्यमाचा विचार करूनच ते असं करत. मग आपली कॅसेट? ठाणेकराकडे ऑटो-रिव्हर्स डेक आहे. बी बाजू संपली की आपोआप ए सुरू. म्हणजे बी बाजूच्या शेवटी 'विश यू वेअर हिअर', ए बाजूच्या सुरुवातीला 'वन ऑफ दीज डेज'. काल केलेला अकरा सेकंदांचा क्रॉसफेड मधोमध कापायचा. अर्धा वारा बीच्या शेपटीला, अर्धा एच्या तोंडाशी. गाण्याला कात्री लागत नाही, फक्त वाऱ्याला. कॅसेट कधी संपतच नाही.

लगेच हिशोब मांडला. नवी ए बाजू: 'वन ऑफ दीज डेज' ५:५७, 'अस अँड देम' ७:४९, 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी' ४:१२, 'सी एमिली प्ले' २:५३, 'एकोज' २३:३१. एकूण ४४:२२. 'अस अँड देम' मूळ अल्बमवर पुढच्या गाण्यात एकदम उडी मारतं, पण इथे 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी'च्या सुरुवातीला त्यांचा तेव्हाचा व्यवस्थापक पीटर जेनर मेगाफोनमधून ताऱ्यांची नावं वाचतो, त्या आवाजाखाली ती उडी झाकली जाते. करून पाहिलं, बसतंय. आणि 'एकोज' संपल्यावर पावणेदोन मिनिटं कोरी टेप. तिथे शांतता हवीच.

बी बाजू: 'टाइम', 'डॉग्स', 'कम्फर्टेबली नम', 'ब्रेन डॅमेज', 'एक्लिप्स', आणि हृदयाचे ठोके मंदावले की रेडिओची सुई. हे सगळं माझ्या सीड्यांवरून ४१ मिनिटं ४७ सेकंद. अडचण अशी, की वर्तुळ पुरं व्हायचं तर बी बाजू टेपच्या शेवटच्या इंचापर्यंत भरलेली हवी. नाहीतर वारा, मग चार मिनिटं काहीच नाही, मग वारा. भरायला मिळतात ४ मिनिटं २३ सेकंद. 'हे यू' ४:४०, गेलं. 'फॅट ओल्ड सन' ५:२४, गेलं.

आणि 'द फ्लेचर मेमोरियल होम' ४:१२.

काका, वाचताय ना? १९८३च्या 'द फायनल कट'चं एकही गाणं आत नाही म्हणून तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. तुमचं एकटं मत पडलेलं ते गाणं अकरा सेकंद शिल्लक ठेवून बसतंय. शिवाय 'कम्फर्टेबली नम'च्या आधी ठेवलं तर मायकेल केमेनचा वाद्यवृंद एका गाण्यातून दुसऱ्यात जातो, दोन्हीकडे त्याचंच काम आहे. गथ्रीने २००१मध्ये ही दोन गाणी याच क्रमाने लावली होती, तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं. नियमाप्रमाणे तीन मतं हवीत. माझं मत मी आत्ताच बदललं. ताई, तुमचं किंवा ठाणेकराचं एक हवंय.

राहता राहिला लीडर. टेपच्या दोन्ही टोकांना ती कोरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही, आणि पाचेक सेकंद वारा तिथे तुटणार. मघापासून कॅसेट हातात घेऊन बसलोय. षटकोनी पेन्सिल चाकात घालून हळूहळू फिरवली तर खिडकीतून दिसतं: आधी पारदर्शक पट्टी, मग एका तिरक्या जोडानंतर तपकिरी टेप. तो जोड हेडच्या बरोबर मध्ये आणून थांबायचं आणि तिथूनच रेकॉर्ड दाबायचं. सातव्या प्रयत्नाला हात बसला. म्हणजे एची सुरुवात अचूक साधेल. बीचा शेवट डेकवर अवलंबून आहे. काही डेक लीडर पारदर्शक दिसला की प्रकाशाच्या सेन्सरने लगेच उलटतात, काही टेप ताणली जाईपर्यंत वाट बघतात. ठाणेकरा, तुझा कुठल्या जातीचा? आजच एखादी जुनी कॅसेट शेवटपर्यंत चालवून सेकंद मोज आणि कळव. दीड-दोन सेकंदांत उलटत असेल तर मी एसए उघडतो. पाच लागत असतील तर बीच्या शेवटी वारा आधीच हलका करत न्यावा लागेल, म्हणजे एचं तोंडही पुन्हा करायचं. दोन्ही फाइली आज रात्री तयार ठेवतो.