आबांच्या कागदावर नानांचा ब्रश

चाळीसगावचे चार चित्रकार मित्र, चौघेही निवृत्त कलाशिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. तरुणपणापासून जमेल तो रविवार एकत्र चित्रं काढायची, हा त्यांचा नेम. या दोस्तीवर छोटा माहितीपट करायचा म्हणून आधी घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या. चौघेही भरभरून बोलले, पण ते चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांच्याबद्दल. मूस १९८९ साली गेले. तोवर स्टेशनजवळच्या बंगल्यातून ते क्वचितच बाहेर पडत, आतच टेबलावर मांडणी करून फोटो काढत. प्रकाश कसा बघायचा हे विशीतल्या या मुलांनी तिथे पाहिलं. ऐकत राहावं असं सगळं. मैत्रीचा विषय काढला, की मात्र ‘आमचं जमतं’ याच्यापुढे गाडी सरकेना.

म्हणून डिसेंबरात सगळ्यांना घेऊन पाटणादेवी गाठली. डोंगरांच्या कुशीत चंडिकेचं काळ्या पाषाणाचं मंदिर. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेखही याच पाटणचा. चौघांनी आपापली जागा धरली, कॅमेरे लागले आणि तासभर काहीच घडलं नाही. कागद, पाणी, ब्रश. मला मनातून धास्तीच वाटायला लागली होती.

ऊन कलायला लागलं तशी आबांनी घाई केली आणि मंदिराच्या सावलीला ट्यूबमधला तयार काळा लावला. नाना पाणी बदलायला उठले होते, ते आबांच्या मागे थबकले.

“आबा, सावली मरेल शे तुनी.”

“मंग कर ना जित्ती!”

आणि नाना खरोखरच उकिडवे बसले. ओल्या ब्रशने तो काळा उचलला, फडक्याने टिपला. पॅलेटच्या कोपऱ्यात निळा अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना अर्धवटच मिसळले आणि डावीकडून उजवीकडे एकच थर ओढला. निळ्याचे कण कागदाच्या खाचांत बसत गेले. दगड काळाच दिसत होता, पण आता त्यात ऊब होती. आबा बघत बसले नव्हते. रंग हवा तसा खाली उतरावा म्हणून त्यांनी बोर्ड तिरका धरला होता. एकाच चौकटीत दोघांचे हात.

जलरंगात चुकलेलं झाकता येत नाही, पारदर्शक रंग सगळं दाखवतो. दुसऱ्याच्या कागदावर असा हात घालायची हिंमत मी कुणा चित्रकारात पाहिलेली नाही, आणि घालू देणारा त्याहून विरळा. आतापर्यंत जे मी प्रश्न विचारून काढू बघत होतो, ते माझ्यासमोर घडत होतं.

“बस, आते जाय तुना जागावर,” आबा म्हणाले आणि पुढचं चित्र त्यांनी एकट्याने पुरं केलं. सहीही त्यांचीच. याबद्दल नानांना विचारलं तर त्यांना प्रश्नच कळला नाही. “कागद त्याना शे ना!”

संकलनात मूस यांच्या आठवणी ठेवल्या, बाकीच्या मुलाखती काढून टाकल्या. तो प्रसंग न कापता तसाच सलग घेतला. कच्ची प्रत दाखवायला चौघांना बोलावलं तेव्हा नेमक्या त्या जागी नानांनी मला थांबवायला लावलं. पडद्याजवळ जाऊन सावली न्याहाळली.

“थर मना जाड व्हई गया.”

“तवयच सांगनार व्हतू,” आबा म्हणाले.