गुडघा दाबा

बेळगावातल्या एका महाविद्यालयात मी फिजिओथेरपी शिकवतो आणि संवादकौशल्याचे तासही माझ्याकडेच असतात. नमस्कार करा, नाव सांगा, रुग्णाकडे पाहून बोला, अशी सुरुवात मी बरीच वर्षे करीत असे. त्यात चूक काही नव्हते. पण आमच्या मुलांचे घोडे शिष्टाचारापाशी नव्हे, तर दुखण्याच्या शब्दांपाशी अडते.

खानापूरकडची आजी 'कमरेत उसण भरली' म्हणते, कोणाला चमक येते, कोणाचा खांदा रात्री ठणकतो, कोणाच्या पायाला मुंग्या येतात, आणि केसपेपरवर या सगळ्याचे एकच 'पेन' होते. वास्तविक मुंग्या आणि आग यांवरून मज्जातंतूचा संशय घ्यायचा असतो, तर रात्रीच्या ठणक्यामागे सूज आहे का, हे पाहायचे असते. गोकाककडचा कन्नड रुग्ण मुंग्यांना 'जोमु' आणि दुखण्याला 'ब्यानि' म्हणतो. बेंगळुरूहून आलेल्या मुलाला मात्र 'नोवु' एवढेच ठाऊक असते. म्हणून आता पहिल्या तासाला फळ्यावर दोन्ही भाषांतले हे शब्द येतात आणि प्रत्येकाखाली पुढचा प्रश्न लिहिला जातो.

शून्य ते दहा या वेदनामापनाचीही तीच गत. 'दहापैकी किती दुखतंय?' या प्रश्नावर एका आजींनी 'सोळा आणे दुखतंय बघ, बाळ' असे सांगितले आणि विद्यार्थ्याने मुकाट्याने दहा लिहिले. मी 'आणि काल?' असे विचारल्यावर त्या लगेच 'बारा आणे' म्हणाल्या. म्हणजे साडेसात, मोजपट्टी त्यांच्याजवळ होतीच, फक्त ती आमची नव्हती.

बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचे बोलणे तोडतात असे आढळले होते. आमची मुले त्याहून सावकाश असतील, असे मला वाटत नाही. त्यामुळे सरावात पहिले मिनिटभर मी त्यांना बोलूच देत नाही.

माझी स्वतःची फजिती मात्र ऐकण्यात नव्हे, सांगण्यात झाली. गुडघेदुखीच्या एका शेतकऱ्याला मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून 'आता गुडघा दाबा, दहा अंक मोजा आणि सोडा' असे शिकवले. त्यांनी मान डोलावली. दोन आठवड्यांनी करून दाखवायला सांगितले, तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यावर ठेवून तो मनापासून खाली दाबला आणि मांडीचा स्नायू, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो ढिलाच राहिला. माझ्या वाक्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला होता. त्याच दिवशी करून दाखवायला सांगितले असते, तर त्यांचे पंधरा दिवस वाया गेले नसते.

तेव्हापासून तोंडी परीक्षेत तो शेतकरी मी होतो आणि प्रत्येक सूचना शब्दशः पाळतो. बहुतेक जण 'गुडघा दाबा' म्हणतात आणि मी हात पुढे करतो. परवा एका मुलीने टॉवेल बाजूला सारला, स्वतःचा तळहात माझ्या गुडघ्याखाली सरकवला आणि म्हणाली, "काका, तुमचे हात छातीवर ठेवा. आता पायाच्या जोरानं माझा हात गादीत रुतवा बघू."