चिखलाची खोली

२०१९ साली जुनं घर उतरवलं तेव्हा सगळ्यात आधी पडवी गेली. नकाशा काढणारा म्हणाला होता, "एवढी जागा कशाला घालवताय? हॉल केवढा मोठा होईल." मलाही पटलं. पायरी चढली की थेट हॉल, आणि हॉलभर क्रीम रंगाच्या चकचकीत टाइल्स. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने त्या टाइल्सचं कौतुक केलं. वास्तुशांत एप्रिलात होती.

मग जून आला.

आमचं गाव देवरुखच्या पुढे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. माती जांभ्याची. तो तांबडा रंग टाइलवरून पुसला जातो, पण सांध्यांत जाऊन बसतो तो बसतोच. गड्यांचा चहा, गोठ्यातली ये-जा, मुलाची शाळा, नवऱ्याची बाग. दिवसातून चारदा फडकं मारून मी थकले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जुलैत एका दुपारी मी चहाचा ट्रे हातात घेऊन ओल्या टाइलवरून सटकले. मनगटाला तडा, सहा आठवडे प्लॅस्टर.

जुन्या घरात पायरीशी दगडी डोण होती, कायम भरलेली, काठावर तांब्या. खळ्यातून आलेला माणूस पाय धुणार, पडवीत इरलं टेकवून ठेवणार, मग ओटीवर येणार. "पाय धुवा" असं कुणी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. नव्या घरात मी दिवसभर तेच ओरडत होते.

प्लॅस्टरमध्ये असताना मोबाइलवर अमेरिकन घरांचे 'मडरूम', म्हणजे आत येताना चिखलाचे बूट-कोट काढून ठेवायच्या खोल्या, बघत बसायचे. बर्फाचे बूट, पांढरी बाकं, वेताच्या टोपल्यांत हातमोजे. फार देखणं प्रकरण. वेताची टोपली आमच्याकडे ऑगस्टपर्यंत बुरशीने हिरवी होते. पण एक गोष्ट घेण्यासारखी होती. ती माणसं खोली अशा दाराला लावतात, ज्या दाराने घरचेच लोक रोज आत येतात. मी दोन आठवडे नुसतं पाहिलं. पुढच्या दाराने पाहुणे आणि पोस्टमन येत होते, बाकी सगळं घर गोठ्याकडून स्वयंपाकघराच्या दाराने. तेव्हा ठरलं, खोली तिथेच. सहा फूट बाय नऊ फूट, वर पन्हाळी पत्रा, तीन बाजूंना कमरेएवढी जांभ्याची भिंत आणि त्यावर जाळी. सगळे मिळून ५८ हजार लागले, त्यातले थोडे माझ्या चुकीचे.

म्हणजे ढाळाचे. गवंड्याला मी सांगितलं, फुटाला पाव इंच ढाळ हवा, बाहेरच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे. नऊ फुटांना सव्वादोन इंच होतात. तो म्हणाला, "वैनी, मी वीस वर्षं मोरीच बांधतंय." मी गप्प बसले, ती चूक माझी. पार्किंगला लावतात तशा खडबडीत टाइल्स बसवून झाल्या, सुकल्या, आणि मी एक बादली पाणी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं, आणि सावकाश स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघालं. आम्ही दोघं बघत उभे. तो म्हणाला, "पाणी येडा हा." अर्धी जमीन उखडली. तुम्ही बांधाल तर टाइल लावायच्या आधी, कोब्यावरच बादली ओता.

जमीन स्वयंपाकघरापेक्षा दोन इंच खाली ठेवलीय, नाहीतर कितीही ढाळ दिला तरी मोठ्या सरीला पाणी आत येणारच. नळ भिंतीत दीड फुटावर घेतलाय, पाय खाली धरता येईल असा. आणि डोण! ती इतकी वर्षं जास्वंदीखाली पालथी पडली होती. चौघांनी उचलून नळाखाली आणली. त्या खोलीत देखणं म्हणून जे काही आहे, ते तिच्यामुळे.

बसायचा कट्टा चिऱ्यांचा, वर कडाप्पा. प्लायवूड घेणार होते, पण सुताराच्या दुकानात मागच्या पावसातल्या एका कपाटाचं फुगलेलं दार पाहिलं आणि विचार बदलला. उंची आधी सोळा इंच केली. सासूबाई एकदाच बसल्या, उठताना भिंत धरली, आणि मी आणखी दोन इंच वाढवून घेतले. कट्ट्याखाली दोन खण, दार नाही. दार लावलं की आत वास.

खुंट्यांचा मला फार सोस होता. पितळी मागवल्या, छान होत्या. सोबत आलेले स्क्रू मात्र लोखंडी निघाले आणि पहिल्याच पावसात भिंतीवर गंजाचे ओघळ आले. आता स्क्रू स्टेनलेसचे, आणि खुंट्या जुन्या घराच्या, सागाच्या फळीत ठोकलेल्या. मुलासाठी तीन फुटांवर वेगळी रांग आहे. त्याच्या हाताला पोचेल अशी खुंटी मिळाल्यापासून त्याचा रेनकोट सोफ्यावर सापडत नाही; यावर मी आयुष्यात इतकी वाक्यं खर्च केली होती. दोन खुंट्यांत नऊ-दहा इंच अंतर हवंच. चिकटून टांगलेले रेनकोट तीन दिवस वाळत नाहीत.

वाळवणं हाच खरा प्रश्न आहे. आमच्या लहानपणी कपाटात साठ वॉटचा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेवर चपलासुद्धा वाळायच्या. मी हौसेने खणात एलईडी लावला. उजेड भरपूर, ऊब नाही. आता भिंतीवर एक छोटा पंखा आहे, खाली तोंड करून, आणि शाळेच्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे. बोळे मध्यरात्री एकदा बदलले तर सकाळी बूट घालण्यासारखे होतात. मी बदलत नाही.

गमबूट मात्र कधीच खाली उभे ठेवायचे नाहीत. भिंतीत तिरप्या दांड्या मारून त्यांवर उलटे अडकवायचे. पाणी निथळतं हे खरं, पण कारण वेगळं आहे. आमच्या भागात फुरशी आहेत, विंचू आहेत, आणि अंधारा, कोरडा, पायाच्या मापाचा बोगदा त्यांनाही आवडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू आटोक्यात आणले, हे कोकणात घरोघरी माहीत आहे. तरी त्या औषधाची वेळ येऊ नये म्हणून मुलाला सवय लावलीय: बूट दांडीवरून काढला की आपटायचा, मगच पाय घालायचा. तो आता पुण्याला मामाकडे गेला तरी तिथले बूट आपटतो. मामी हसते.

खोलीला नाव अजून ठरलेलं नाही. मुलगा चिखलघर म्हणतो, नवरा 'तुझी ती खोली'. सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून पडवीच म्हटलं. त्यांच्यासाठी मी कट्ट्याच्या टोकाशी छत्रीची वेगळी खुंटी लावलीय, बसल्याबसल्या हात पोचेल अशी. त्या छत्री अजून खिडकीच्या गजालाच अडकवतात. खुंटीवर सध्या कोकमाच्या सालांची पिशवी लटकते, आणि खालच्या टाइलवर गुलाबी डाग पडलाय, तो निघत नाही.